उतरत्या छपराखालची खोली

मुलांनो, खोली म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? मुंबई, भिवंडी किंवा मालेगावसारख्या शहरात राहत असाल, तर चार उभ्या भिंती आणि त्यांच्यावर टाकलेला सपाट स्लॅब. पण तुमच्यापैकी कितीतरी जणांचे मूळ गाव कोकणात असेल. सुट्टीत तुम्ही दादी-दादांकडे जात असाल. तिथल्या घराचे छप्पर सपाट नसते. मधोमध ते उंच असते आणि दोन्ही बाजूंनी खाली उतरत जाते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढे पाणी छपरावर थांबून चालणार नाही. ते लगेच वाहून जावे, म्हणून छपराला उतार देतात.

अशा छपरातील प्रत्येक भागाला मराठीत स्वतंत्र नाव आहे. सर्वांत उंचावर जे आडवे लाकूड असते, त्याला आढे म्हणतात. आढ्यापासून भिंतीपर्यंत तिरकी लाकडे उतरतात. ते वासे. वाशांवर आडव्या पातळ पट्ट्या ठोकतात, त्या रीपा. रीपांवर कौले बसतात. भिंतीच्या बाहेर आलेल्या छपराच्या कडेला वळचण म्हणतात. ज्यांना आपण मंगलोरी कौले म्हणतो, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे काढला. पुढे ही कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली.

आता एक प्रश्न घेऊ. समजा, गावच्या घराचे छप्पर जुने झाले आहे. वासे वाळवीने खाल्ले आहेत. एप्रिल-मे महिन्यांत जुने छप्पर उतरवायचे आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी नवे चढवायचे, असे घरात ठरले आहे. तेवढ्यात अम्मी म्हणतात, "छप्पर नवे करतोच आहोत, तर माळ्यावर मुलांना अभ्यासाची खोली करू या. खाली आठ मीटर रुंद घर आहे. वरही तेवढीच जागा मिळेल." अम्मींचा विचार चांगला आहे. पण वर खरोखरच तेवढी जागा मिळेल का? याचे उत्तर छप्पर चढवण्यापूर्वीच मिळायला हवे. एकदा वासे ठोकले आणि कौले चढली, की चूक सुधारणे फार महाग पडते. शिवाय जून महिना कोणासाठी थांबत नाही.

पूर्वी असे प्रश्न अनुभवी गवंडी आणि सुतार तोंडी सोडवत. आजही त्यांचा अनुभव मोलाचाच आहे. पण आज आपल्या हाती आणखी एक साधन आहे. संगणकावर घराची आकृती तयार करणारी सॉफ्टवेअर मिळतात. त्यांपैकी एकाचे नाव आहे 'स्वीट होम थ्रीडी'. एमान्युएल प्युइबारे या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते तयार केले. ते वापरण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. त्याची आतली रचनाही कोणालाही पाहता येते. तुमच्या शाळेच्या साध्या संगणकावरही ते बहुधा चालू शकेल.

या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर चार भाग दिसतात. एका भागात दरवाजे, खिडक्या, पलंग, टेबल अशा वस्तूंची यादी असते. दुसऱ्या भागात आपण निवडलेल्या वस्तूंची नोंद होते. तिसऱ्या भागात आपण घराचा नकाशा काढतो. चौथ्या भागात तेच घर उभे राहिलेले दिसते. इकडे नकाशात एक रेघ ओढली, की तिकडे भिंत उभी राहते.

नकाशा हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत तुम्ही नक्शा म्हणता. जमीन, दरवाजा, इमारत, हिशेब हेही तुमच्या ओळखीचे शब्द आहेत. मराठीतील 'मजला' आणि उर्दूतील 'मंज़िल' हे तर एकाच घरातले भाऊ. आढे, वासा, वळचण हे शब्द मात्र या मातीतले आहेत. तेही आता शिकून घ्या.

नकाशा म्हणजे घराकडे वरून पाहिल्यावर दिसणारे चित्र. त्यात लांबी कळते, रुंदी कळते. उंची मात्र कळत नाही. सपाट छताच्या खोलीत त्याने फारसे बिघडत नाही, कारण तिथे उंची सगळीकडे सारखीच असते. एकदा आकडा लिहून ठेवला की झाले. उतरत्या छपराखाली मात्र प्रत्येक पावलाला उंची बदलते. म्हणून अशा खोलीचा साधा नकाशा पाहून माणूस सहज फसतो. कागदावर खोली ऐसपैस दिसते, पण प्रत्यक्षात कडेला डोके वर करता येत नाही.

आपण अम्मींच्या खोलीचेच गणित करू. घराची रुंदी ८०० सें.मी. आहे. माळ्याच्या जमिनीपासून आढे ३०० सें.मी. उंच आहे. दोन्ही कडांना छप्पर माळ्याच्या जमिनीला टेकते. म्हणजे कडेपासून आढ्याच्या बरोबर खाली येईपर्यंत आपण ४०० सें.मी. चालतो आणि तेवढ्यात छप्पर ३०० सें.मी. वर चढते. याचाच अर्थ, दर १०० सें.मी. आत गेल्यावर उंची ७५ सें.मी. वाढते.

आता उभे राहायला निदान १८० सें.मी. उंची हवी असे धरू. हा आकडा मी सहज घेतलेला नाही. फ्रान्समध्ये जुन्या इमारतींच्या छपराखाली राहण्याच्या खोल्या पुष्कळ आहेत. तिथे १९९६ साली एक कायदा झाला. तो 'कारेझ कायदा' या नावाने ओळखला जातो. अनेक मालकांच्या सामाईक इमारतीतील घर विकताना त्याचे क्षेत्रफळ सांगावे लागते. ते मोजताना जिथे छत १८० सें.मी.पेक्षा खाली आहे, ती जागा धरायची नाही, असा नियम आहे. जिथे माणूस नीट उभा राहू शकत नाही, त्या जागेचे पैसे खरेदीदाराने का द्यावेत? नियमामागचा विचार सरळ आहे.

मग आपल्या माळ्यावर १८० सें.मी. उंची कुठे मिळेल? कडेपासून २४० सें.मी. आत गेल्यावर. पडताळून पाहा : २०० सें.मी.वर १५० उंची, पुढच्या ४० सें.मी.वर आणखी ३०, एकूण १८०. डाव्या बाजूचे २४० गेले, उजव्या बाजूचेही २४० गेले. ८०० मधून ४८० वजा केले, तर उरले फक्त ३२० सें.मी.! खोली ५ मीटर लांब असेल, तर जमीन ४० चौरस मीटर भरते. पण उभे राहता येईल अशी जागा केवळ १६ चौरस मीटर. अम्मींना वाटले होते त्याच्या निम्मीसुद्धा नाही.

म्हणून खोलीचा विचार सोडून द्यायचा का? नाही. याला एक उपाय आहे. दोन्ही कडांना छप्पर थेट जमिनीला टेकवू नये. तिथे आधी एक बुटकी भिंत घ्यावी आणि तिच्यावर वासे टेकवावेत. समजा, ही भिंत ६० सें.मी. उंच घेतली. उतार तोच ठेवला, तर आढे ३६० सें.मी.वर जाईल. आता कडेलाच ६० सें.मी. उंची आहे. १८० होण्यासाठी आणखी १२० हवी. ती १६० सें.मी. आत गेल्यावर मिळते. दोन्ही बाजूंचे मिळून ३२० वजा केले, तर ४८० सें.मी. रुंदी उरते. म्हणजे २४ चौरस मीटर. चिऱ्यांचे काही थर वाढवले आणि ८ चौरस मीटर जागा जास्त मिळाली. छप्पर उतरलेले असतानाच हे काम होऊ शकते. नंतर नाही.

आता हीच खोली संगणकावर उभी करू. पडद्यावरील आज्ञांची नावे वेगवेगळ्या भाषांत असू शकतात, म्हणून नावे पाठ करण्यापेक्षा काम समजून घ्या.

पहिली पायरी भिंतींची. भिंत काढण्याचे साधन घ्या आणि ८०० बाय ५०० सें.मी.चा आयत काढा. सॉफ्टवेअर सुरुवातीला प्रत्येक भिंतीला एकच उंची देते. ती आपल्याला बदलायची आहे. ५०० सें.मी. लांबीच्या दोन भिंती या आपल्या बुटक्या भिंती. त्यांतील एकीवर दोनदा टिचकी मारा. एक चौकट उघडेल. तिच्यात उंची ६० लिहा. दुसऱ्या भिंतीचेही तसेच करा.

दुसरी पायरी त्रिकोणी भिंतींची. ८०० सें.मी. लांबीच्या दोन भिंती कडेला ६० आणि मधोमध ३६० सें.मी. उंच व्हायला हव्यात. पण एका भिंतीला सॉफ्टवेअर दोनच उंची विचारते : सुरुवातीची आणि शेवटची. मधली उंची सांगायला जागाच नाही. म्हणून भिंतीचे दोन समान तुकडे करावे लागतात. तशी आज्ञा त्यात आहे. आता प्रत्येक तुकडा ४०० सें.मी.चा झाला. भिंतीच्या चौकटीत 'उतरती भिंत' हा पर्याय निवडा. कडेच्या टोकाला ६० आणि मधल्या टोकाला ३६० लिहा. उतार उलटा आला तर घाबरू नका. दोन आकड्यांची अदलाबदल करा.

तिसरी पायरी छताची, आणि खरी गंमत इथेच आहे. सॉफ्टवेअरमध्ये भिंत वेगळी आणि खोली वेगळी. खोली म्हणजे जमीन आणि छत. सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत खोलीचे छत उतरत्या भिंतींच्या मागोमाग उतरते. पण खोलीच्या कोपऱ्याजवळ भिंत किती उंच आहे, हे पाहूनच संगणक छताची उंची ठरवतो. तुम्ही चार कोपऱ्यांची एकच खोली आखली, तर काय होईल? चारही कोपऱ्यांवर भिंत ६० सें.मी. उंच आहे. मग छतही ६० सें.मी.वर सपाट पसरेल! भिंती बरोबर, आकडे बरोबर, आणि तरीही खोली चुकीची. कारण मध्ये आढे आहे, हे संगणकाला कोणी सांगितलेच नाही.

यासाठी खोली दोन भागांत आखायची. आढ्याच्या बरोबर खालून एक रेषा गेली आहे असे समजा. त्या रेषेच्या डावीकडे एक खोली आणि उजवीकडे दुसरी. मध्ये भिंत घालायची नाही. आता प्रत्येक भागाचे दोन कोपरे ६० सें.मी.वर आणि दोन कोपरे ३६० सें.मी.वर आहेत. त्यांवर एकेक उतरते छत नीट बसते. दोन्ही छते मधल्या रेषेवर भेटतात आणि आढे तयार होते.

यामागचे तत्त्व तुम्ही रोज पाहता. तीन पायांची तिवई कुठेही ठेवा, ती डुगडुगत नाही. चार पायांच्या टेबलाचा एक पाय आखूड असला, तर ते डुगडुगते. तीन बिंदूंवर एक सपाट पृष्ठभाग नेहमी बसतो. चौथा बिंदू त्याच पृष्ठभागावर असेलच असे नाही. छताचेही तसेच आहे. जिथे उतार बदलतो, तिथे खोलीचा भाग बदलायला हवा. हा एक नियम लक्षात ठेवला, तर कोणतेही अवघड छप्पर सोप्या तुकड्यांत मांडता येते.

खोली तयार झाली. आता तिच्यात फिरून पाहा. सॉफ्टवेअरमध्ये एक मनुष्याकृती असते. तिच्या डोळ्यांनी आपल्याला घर दिसते. त्या डोळ्यांची उंची बदलता येते. घरातील सर्वांत उंच माणसाच्या डोळ्यांची उंची मोजून तो आकडा द्या आणि खोलीत फेरी मारा. कागदावर न दिसलेल्या अडचणी आता दिसू लागतील.

पहिली अडचण जिन्याची. जिना जर कडेने वर आला, तर शेवटच्या पायरीवर डोके वाशाला आपटेल. म्हणून जिन्याचे वरचे टोक आढ्याखालच्या उंच भागात यायला हवे. दुसरी अडचण खिडकीची. ६० सें.मी.च्या बुटक्या भिंतीत चांगली खिडकी बसत नाही. ती त्रिकोणी भिंतीत, मधोमध घ्यावी. समोरासमोरच्या दोन्ही त्रिकोणी भिंतींत खिडक्या घेतल्या, तर वारा आरपार वाहील. तिसरी अडचण अभ्यासाच्या टेबलाची. खुर्ची बुटक्या भिंतीपासून १०० सें.मी.वर ठेवली, तर तिथे उंची १३५ सें.मी. आहे. बसायला ती पुरते. पण धडा संपवून उठताना डोक्याला वासा लागेल! खुर्ची आणखी ६० सें.मी. आत ओढा. कडेची जागा वाया जात नाही. तिथे पेट्या, पुस्तकांची बुटकी कपाटे आणि गाद्या राहतात.

संगणकाच्या काही मर्यादाही समजून घ्या. हे सॉफ्टवेअर वासे, रीपा आणि कौले स्वतः चढवत नाही. आतून दिसणारे छत आणि बाहेरचे छप्पर यांच्यामध्ये लाकडाची जाडी असते. म्हणून उंची मोजताना जमिनीपासून वाशाच्या खालच्या बाजूपर्यंतच मोजावी. भिंतीलाही जाडी असते. आपण ओढलेली रेषा भिंतीच्या मध्यावर धरली जाते, म्हणून आतले माप जाडीइतके कमी भरते. पहिल्या सरावात हा फरक सोडून दिला तरी चालेल. खरे घर बांधताना मात्र सोडू नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खालची भिंत वरचा भार पेलेल का, छप्पर वाऱ्यात टिकेल का, हे असे सॉफ्टवेअर सांगत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कितीतरी घरांची कौले आणि पत्रे उडाले. ज्यांनी ते पाहिले, त्यांना छपराच्या मजबुतीचे मोल सांगावे लागत नाही. म्हणून आकृती तयार झाली, की ती जाणकार अभियंत्याला, गवंड्याला आणि सुताराला दाखवावी. त्यांचे ऐकावे. ग्रामपंचायतीची परवानगी लागत असेल, तर ती घ्यावी.

आणि माप? ते संगणक घेणार नाही. मोजपट्टी हातात धरून तुम्हांलाच ते घ्यावे लागेल. खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. आयताकृती खोलीचे कर्ण सारखे भरतात. ते सारखे नसतील, तर कोपरे काटकोनात नाहीत. गवंडी हेच गुण्या लावून पाहतो. वाशाची लांबीही तुम्ही काढू शकता. वर्गात शिकलेला पायथागोरसचा सिद्धान्त इथे कामाला येतो. ४०० आणि ३०० या काटकोनातील बाजू, तर वासा ५०० सें.मी. वळचणीसाठी जितका बाहेर काढायचा, तितका अधिक. सुताराला विचारून पाहा. त्याचे उत्तर आणि तुमचे उत्तर जुळले, तर त्याच्याही चेहऱ्यावर हसू दिसेल.

घर बांधण्यासाठी माणसे कित्येक वर्षे पै-पै साठवतात. अशा वेळी घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी आकृती समोर ठेवून म्हणाली, "अब्बा, भिंत आणखी ६० सें.मी. घेऊ या. का, ते मी दाखवते," तर तिचे बोलणे वडीलमंडळी नक्की ऐकून घेतील. शाळेत शिकलेले गणित घराच्या उपयोगी पडावे, याहून मोठे बक्षीस कोणते?

शब्दार्थ

आढे – छपराच्या सर्वांत उंच भागातील आडवे लाकूड
वासा – आढ्यापासून भिंतीपर्यंतचे तिरके लाकूड
रीप – कौले बसवण्यासाठी वाशांवर ठोकलेली लाकडी पट्टी
वळचण – भिंतीबाहेर आलेली छपराची कड
चिरा – बांधकामासाठी कापलेला जांभा दगड
बुटकी – कमी उंचीची
तिवई – तीन पायांचे छोटे आसन
गुण्या – काटकोन तपासण्याचे गवंड्याचे व सुताराचे साधन
ऐसपैस – भरपूर जागा असलेली
भार पेलणे – वजन सहन करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोकणातील घरांच्या छपराला उतार का देतात?
(आ) मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना कोणी व केव्हा काढला?
(इ) फ्रान्समध्ये घराचे क्षेत्रफळ मोजताना कोणती जागा धरत नाहीत?

२. कारणे लिहा.
(अ) उतरत्या छपराच्या खोलीचा साधा नकाशा पाहून माणूस फसतो.
(आ) त्रिकोणी भिंतीचे दोन तुकडे करावे लागतात.
(इ) माळ्याची खोली दोन भागांत आखावी लागते.

३. गणित करा.
बुटकी भिंत ६० ऐवजी ९० सें.मी. घेतली आणि उतार तोच ठेवला, तर उभे राहता येईल अशी जागा किती सें.मी. रुंद होईल? खोली ५ मीटर लांब असल्यास ती किती चौरस मीटर भरेल?

४. 'जमीन, दरवाजा, हिशेब' यांसारखे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत आढळणारे दहा शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

५. उपक्रम : तुमच्या वर्गाची किंवा घरातील एका खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि दोन्ही कर्ण मोजा. आलेख कागदावर नकाशा काढा. मापे घेताना आलेल्या अडचणी पाच-सहा वाक्यांत लिहा.